चौसष्ट माणसांची काउंटी

अमेरिकेतला कॅन्सरचा मृत्युदर १९९१ ते २०२२ या काळात ३४ टक्क्यांनी उतरला, ही बातमी आपल्याकडेही छापून आली. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या हिशेबाने त्यामुळे सुमारे ४५ लाख मृत्यू टळले. बातमी आनंदाची आहे, पण तिच्या पोटात दुसरी एक बातमी दडली आहे. ही घट शहरांत झपझप झाली आणि खेड्यांत रडतखडत. त्यात जुलै २०२५ मध्ये तिकडे मेडिकेडला, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याला, मोठी कात्री लावणारा कायदा झाला. आता खेड्यातल्या रुग्णालयांचं काय, या चर्चेला ऊत आला आणि चर्चेपाठोपाठ नकाशे आले. काउंटी-काउंटीने रंगवलेले, मृत्यू जास्त तिथे लाल आणि कमी तिथे निळे. न्यू जर्सीतल्या लेकाच्या घराचा रंग कोणता, हे पाहायला आपल्याकडच्या आईवडिलांनीही ते फोनवर मोठे करून पाहिले असतील.

या नकाशांशी माझा जुना आकस आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हा नव्हे आणि तालुकाही नव्हे. लॉस एंजेलिस ही एक काउंटी, लोकसंख्या एक कोटीच्या घरात. टेक्सासमधली लव्हिंग हीसुद्धा एक काउंटी, आणि २०२० च्या जनगणनेत तिथे माणसं भरली चौसष्ट. आपल्याकडच्या एखाद्या वाड्यात याहून जास्त बिऱ्हाडकरू असत. आता समजा, या चौसष्टांपैकी एक जण एखाद्या वर्षी कॅन्सरने गेला. दर लाखाच्या भाषेत हा दर पंधराशेच्या वर जातो. सगळ्या अमेरिकेचा दर दीडशेच्या आसपास आहे, म्हणजे लव्हिंग काउंटी दसपट घातक ठरली आणि लालभडक झाली. पुढच्या वर्षी कुणी गेलं नाही तर दर शून्य, आणि तीच काउंटी साऱ्या देशात सर्वांत निरोगी. दरम्यान ना तिथली हवा बदलली, ना पाणी.

हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने मूत्रपिंडाच्या कॅन्सरचा नकाशा घेऊन हीच गंमत दाखवली होती, आणि नोबेलविजेते मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांनी ती आपल्या पुस्तकात घेतल्यावर ती जगभर गाजली. मूत्रपिंडाच्या कॅन्सरचं प्रमाण सर्वांत कमी असलेल्या काउंट्या पाहिल्या तर त्या विरळ वस्तीच्या, ग्रामीण. आपण लगेच म्हणतो, बरोबरच आहे, स्वच्छ हवा, ताजं अन्न, अंगमेहनत. मग सर्वांत जास्त प्रमाण असलेल्या काउंट्या पाहाव्यात, तर त्याही विरळ वस्तीच्या आणि ग्रामीण. यावेळी आपण म्हणतो, साहजिकच आहे, गरिबी, तंबाखू, डॉक्टर लांब. दोन्ही स्पष्टीकरणं पटतात आणि दोन्ही निरुपयोगी असतात. थोड्या माणसांच्या गावात आकडा नुसत्या योगायोगाने वर उडतो किंवा खाली आपटतो, एवढाच त्याचा अर्थ.

सिएटलच्या अली मोकदाद आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १९८० ते २०१४ या पस्तीस वर्षांतल्या जवळपास दोन कोटी कॅन्सर-मृत्यूंचा काउंटीवार हिशेब मांडला. शेजारच्या आणि तत्सम काउंट्यांच्या आकड्यांचा टेकू देऊन त्यांनी हा उडतेपणा बराच आवरलाही. शेवटी तळाला आली कोलोरॅडोतली समिट काउंटी, लाखामागे ७०.७ मृत्यू. बर्फात घसरायला येणाऱ्या पैसेवाल्यांची ही जागा, तेव्हा नवल नाही. वरच्या टोकाला फ्लोरिडातली युनियन काउंटी, लाखामागे ५०३.१, म्हणजे सातपट. लेख प्रसिद्ध झाल्यावर बातमीदार तिकडे धावले. तिथे कारखान्याचं सांडपाणी नव्हतं की विषारी विहीर नव्हती. तिथे तुरुंगखात्याचं रुग्णालय आहे. राज्यभरातले आजारी कैदी तिथे आणतात, ते तिथेच शेवटचा श्वास घेतात, आणि पंधरा-सोळा हजार वस्तीच्या त्या चिमुकल्या काउंटीच्या नावावर त्यांचे मृत्यू चढतात. नकाशावरचा सर्वांत लाल ठिपका प्रत्यक्षात तुरुंगाचा दवाखाना निघाला.

म्हणजे खेडं आणि शहर यांतला फरक हा सगळा आकड्यांचा खेळच का? तसं असतं तर हा लेख इथेच संपला असता. पण इथे केल्व्हिन बील या गृहस्थांना आणायला हवं. अमेरिकेच्या कृषी खात्यात त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं लोकसंख्येचा अभ्यास केला. देशात तीन हजारांवर काउंट्या, त्यांतल्या सुमारे अडीच हजार त्यांनी स्वतः पायाखाली घातल्या. जातील तिथल्या कचेरीचा, म्हणजे काउंटीच्या कोर्टाच्या इमारतीचा फोटो काढायचा आणि गावकऱ्यांशी गप्पा मारायच्या, असा त्यांचा शिरस्ता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, सगळं जग खेड्यातून शहराकडे निघालंय असं जो तो सांगत असताना, उलटा ओघ सुरू झाल्याचं त्यांनी ओळखलं. आज अमेरिकेतले अनेक आरोग्य-अभ्यास काउंट्यांना एक ते नऊ असे क्रमांक देतात, एक म्हणजे महानगर आणि नऊ म्हणजे शहरापासून दूरचं आडगाव. ती उतरंड मुळात बील यांच्या खात्याची, आणि कितीतरी वर्षं लोक तिला 'बील कोड' म्हणत आले. २००८ मध्ये ते गेले. टेबलावर बसून आडगाव कोणतं ते ठरवता येत नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, असं मी मानतो.

बील यांच्या उतरंडीचा फायदा असा की सुट्या काउंट्यांऐवजी त्यांचे गठ्ठे बांधता येतात. शेकडो लहान काउंट्या एकत्र केल्या की योगायोग एकमेकांना कापतो आणि उरतं ते खरं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये हेच केलं. महानगरी काउंट्यांत कॅन्सर होण्याचं प्रमाण लाखामागे ४५७, ग्रामीण काउंट्यांत ४४२. म्हणजे खेड्यात कॅन्सर कमी. आता मृत्यू बघा. महानगरांत लाखामागे १५८, खेड्यांत १८०. रोग कमी जणांना होतो आणि माणसं जास्त मरतात. शिवाय २००६ ते २०१५ या काळात शहरी मृत्युदर वर्षाला १.६ टक्क्यांनी उतरला, तर ग्रामीण मृत्युदर १ टक्क्याने. फट रुंदावते आहे.

पहिल्या दोन आकड्यांवर थोडं थांबतो, कारण 'खेड्यात कॅन्सर कमी' हे वाक्य फसवं आहे. शहरात जे जास्त दिसतात ते मुख्यतः स्तनाचे आणि प्रोस्टेटचे कॅन्सर, म्हणजे शोधायला गेलं की सापडणारे. रक्ततपासणी आणि मॅमोग्राम जिथे हाताशी तिथे ते सापडतात, आणि त्यांतले काही कधीच जिवावर बेतले नसते. खेड्यात जास्त आहेत ते फुप्फुसाचे, मोठ्या आतड्याचे आणि गर्भाशयमुखाचे. म्हणजे धूम्रपान न सुटल्याचे, वेळेवर तपासणी न झाल्याचे.

मग खेड्यातला माणूस जास्त का मरतो? कारणांची यादी सगळ्यांना पाठ आहे. सिगारेट, गरिबी, विमा नसणं, उशिरा निदान. २०१० पासून तिकडची शंभराहून अधिक ग्रामीण रुग्णालयं बंद पडली आहेत. मला या यादीत एकच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. स्तनाचा कॅन्सर लवकर सापडला तर फक्त गाठ काढून स्तन वाचवता येतो, पण त्यानंतर किरणोपचार घ्यावे लागतात. आठवड्याचे पाच दिवस, असे काही आठवडे. किरणोपचाराचं केंद्र दूर असलेल्या बायका मग अख्खा स्तन काढून टाकायला तयार होतात, असं तिकडच्या अभ्यासांत दिसून आलं आहे. रोज दीड-दोन तास गाडी हाकून जायचं आणि तसंच परतायचं, नोकरी आणि पोरं सांभाळून, हे कुणाला जमणार? शस्त्रक्रिया कोणती करायची हे तिथे रोगाच्या जोडीने रस्त्यानेही ठरवलं.

खेडवळ माणूस हेकट असतो, दवाखान्यात जातच नाही, त्याचं रक्तच वेगळं, असली भाषा अमेरिकेतही चालते. तिला जोसेफ उंगर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चोख उत्तर दिलं. १९८६ ते २०१२ या काळात औषधांच्या ४४ चाचण्यांत भाग घेतलेले ३६,९९५ रुग्ण त्यांनी तपासले. त्यांत जवळपास पाचवा हिस्सा ग्रामीण होता. चाचणीत सगळ्यांना एकाच नियमाने उपचार मिळतात, औषध तेच आणि तपासणीच्या तारखाही त्याच. निकाल असा की खेड्यातले आणि शहरातले रुग्ण सारखेच जगले. स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार सोडला तर कुठेच फरक नाही. चाचणीपर्यंत पोहोचणारा ग्रामीण रुग्ण हा मुळात जरा धडपड्या असणार, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही खेडवळपणाला दोष देणाऱ्यांनी उंगर यांचा हा अभ्यास भिंतीवर लावावा.

केंटकीचंही असंच. हे तंबाखूचं आणि कोळशाचं राज्य, आणि त्याच्या १२० काउंट्यांपैकी ५४ अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागात. १९९९ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीत केंटकीचा नंबर देशात जवळजवळ शेवटचा होता. पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्शाची तपासणी झालेली. पुढच्या दहाएक वर्षांत तो आकडा साठ टक्क्यांच्या वर गेला आणि मृत्युदर चौथाईने उतरला. लुईव्हिलचे डॉ. व्हिटनी जोन्स यांच्यासारखे पोटविकारतज्ज्ञ त्यामागे हात धुऊन लागले होते. पण मला भावतं ते दुसरंच. राज्याच्या कॅन्सर नोंदवहीतले आकडे कपाटात न ठेवता प्रत्येक भागातल्या लोकांसमोर मांडले गेले. हे तुमच्या काउंटीचं, बोला, काय करायचं? मोजणाऱ्याने आकडा परत गावात नेला.

आणि इथे बार्शीची आठवण न येणं मला तरी शक्य नाही. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. मुंबईतली नोंदणी रुग्णालयांच्या आणि मृत्यूच्या दाखल्यांवर चालू शकते. परांड्याच्या खेड्यात दाखल्यावर काय लिहिलेलं असणार? 'म्हातारपण', नाहीतर काहीच नाही. मग डॉ. बी. एम. नेने आणि टाटा रुग्णालयातून या कामात पडलेल्या डॉ. कस्तुरी जयंत यांनी नोंदणीची माणसंच गावोगाव धाडली. त्यांनी लोकांना लक्षणं समजावून सांगितली, संशयितांना तपासणीला बोलावलं. हेतू मोजणीचा होता. पण काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्यापेक्षा लवकरच्या पायरीवर दवाखान्यात यायला लागल्या. यंत्र आलं नव्हतं की नवं औषध आलं नव्हतं, फक्त विचारणारं कुणीतरी गावात येऊ लागलं होतं.

याच मंडळींनी पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला. गावांचे चार गट पाडले आणि एका गटात एकदाच, आयुष्यात एकदाच, एचपीव्ही विषाणूची चाचणी केली. आठ वर्षांत त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, आणि जिथे तपासणी नव्हती त्या गटात ६४. गटांचे आकार जवळपास सारखेच. २००९ मध्ये हा निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला आणि गरीब देशांतल्या तपासणीची दिशा त्याने बदलली. त्या चौसष्ट बायकांना तपासणी का दिली नाही, हा वादही जगभर झाला. तो व्हायलाच हवा होता. जुळून आलेला तो आकडा मला अजून टोचतो, टेक्सासच्या त्या काउंटीत राहणाऱ्या सगळ्या माणसांएवढा.

राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीच्या २०२० च्या अहवालात पुरुषांमधलं कॅन्सरचं सर्वांत जास्त प्रमाण मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात होतं, लाखामागे २६९.४. सर्वांत कमी कुठे? उस्मानाबाद आणि बीडमध्ये, ३९.५. मराठवाड्याचा दुष्काळी कोपरा, नकाशावर देशात सर्वांत निळा. हा आकडा पाहून कुणी ज्वारीच्या भाकरीचे गुण गायला लागेल, गायलेही असतील. मी एवढंच विचारतो की घशात घास अडकायला लागला म्हणून भूमचा शेतमजूर कितव्या महिन्यात डॉक्टर गाठतो, आणि गाठलाच तर त्याचं नाव कुठल्या वहीत चढतं. ३९.५ मधला काही भाग खरोखर कमी रोगाचा असेल. उरलेला अंगावर काढलेल्या दुखण्यांचा असणार.

म्हणून बार्शीच्या नोंदणीची माणसं दारात उभी राहून कॅन्सरची चौकशी करत नाहीत. त्या नावाला दार लागतं. कुणाच्या अंगावरून जातंय का, कुणाच्या छातीत गाठ आलीय का, कुणाला गिळायला त्रास होतोय का, असं विचारायचं. घरातला पुरुष नाही म्हणतो. मग जरा वेळाने आतून कुणीतरी बाई पुढे येते.