वाटणीत अर्धे घर मिळालेला कवी

भाऊबंदकी ही काही आपल्याच मुलखाची मिरास नव्हे. दोनशे वर्षांपूर्वी जपानातल्या एका डोंगराळ खेड्यात एका शेतकऱ्याच्या राहत्या घराचे मधोमध दोन भाग झाले. एका भागात सावत्र आई आणि धाकटा भाऊ, दुसऱ्यात थोरला. हा थोरला म्हणजे जपानी माणसाच्या जिव्हाळ्याचा कवी कोबायाशी इस्सा.

त्याचे खरे नाव यातारो. १७६३ साली काशिवाबारा गावात तो जन्मला. हे गाव आजच्या नागानो प्रांतात येते. हिवाळ्यात तिथे पुरुषभर बर्फ साचतो आणि शेतीची कामे बंद पडतात. यातारो तीन वर्षांचा असताना आई गेली. आजीने त्याला वाढवले. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले, सेन्‌रोकू नावाचा सावत्र भाऊ झाला, आणि घरात या पोराचे काही खरे राहिले नाही. आजीने डोळे मिटल्यावर वडिलांनी १७७७ साली त्याला पोट भरायला एदो शहरी धाडले. एदो म्हणजे आजचे तोक्यो. गावाकडचे पोर मुंबईला धाडावे, तसेच ते.

एदोत पडेल ती कामे करता करता त्याला कवितेचा नाद लागला. इस्सा हे नाव त्याने मग घेतले. त्याचा अर्थ ‘एक पेला चहा’. त्याने लिहिली ती हायकू ही छोटी कविता. आपण ती तीन ओळींत मांडतो. जपानी भाषेत पाच, सात, पाच असे सतरा उच्चार. एवढ्याशा जागेत उपदेश बसत नाही, फुलोराही बसत नाही. डोळ्यांनी पाहिलेला एक क्षण तेवढा बसतो. आणखी एक रीत आहे, ती शेतकऱ्याला चटकन उमगेल. हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द घालायचा. बेडूक म्हटला की वसंत, काजवा म्हटला की उन्हाळा, चंद्र म्हटला की शरद. अशा शब्दांचे ऋतुवार कोशच जपानात छापलेले आहेत. मृग, आर्द्रा, हस्त ही नुसती नावे कानी पडताच आपल्यापुढे आभाळ आणि शेत उभे राहते ना, तसेच हे.

१८०१ साली इस्सा गावी आला असताना वडील तापाने अंथरुणाला खिळले. त्या महिनाभराची रोजनिशी त्याने लिहून ठेवली आहे. म्हाताऱ्याला पेअर खावेसे वाटले. तो हंगाम पेअरचा नव्हता. मुलगा झेन्‌कोजीच्या देवळाभोवती वसलेल्या गावापर्यंत पायपीट करून दुकाने धुंडाळत फिरला आणि रिकाम्या हाताने परतला. ज्याने घरच्या दुखण्यात अशी धावपळ केली आहे, त्याला ती पाने वाचताना जपान परका वाटणार नाही.

मरण्यापूर्वी वडिलांनी दोघा मुलांना निम्मी निम्मी वाटणी लिहून दिली होती. सावत्र आईला आणि सेन्‌रोकूला ती मान्य नव्हती. तंटा बारा वर्षे चालला. इस्साचे चरित्र सांगणारे बहुतेक जण त्या दोघांना दुष्ट ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. इस्सा शहरात असताना जमीन त्या मायलेकांनीच कसली, घाम गाळून वाढवलीही. शहरातला भाऊ एक दिवस कागद घेऊन येतो आणि अर्धे मागतो, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकी कित्येकांनी एका नाहीतर दुसऱ्या बाजूने भोगलेली असेल. अखेर १८१३ साली गावच्या देवळातल्या भिक्षूने मध्यस्थी केली. शेताची वाटणी झाली, घराचीही झाली, आणि पन्नाशीचा इस्सा आपल्या अर्ध्या घरात राहायला गेला.

पुढल्या वर्षी किकू नावाच्या मुलीशी त्याने लग्न केले. चार मुले झाली, एकही जगले नाही. सातो नावाची लेक देवीच्या साथीत १८१९ साली गेली, तेव्हा ती पुरती दोन वर्षांचीही नव्हती. त्या वर्षाची हकीकत त्याने गद्य आणि हायकू मिसळून लिहिली. ‘ओरा गा हारू’, म्हणजे ‘माझा वसंत’, हे ते पुस्तक. नाव वसंताचे आणि आत लेकीचे खेळणे, हसणे, मग तिचे मरण. त्याचे हे लेखन मला सर्वांत थोर वाटते. १८२३ साली किकूही गेली.

एवढे सोसलेला माणूस कडवट व्हायचा. इस्सा गोगलगाईशी बोलत बसला. सुमारे वीस हजार हायकू त्याने लिहिले. त्यांत बेडकांवर दोनशेच्या आसपास, काजव्यांवर त्याहून अधिक. डास, माश्या, पिसवा यांच्यावरही शेकड्यांनी आहेत, आणि ते वैतागून लिहिलेले नाहीत! पोरके, दुबळे, चिरडले जाणारे जे जे दिसले त्याची त्याने बाजू घेतली. बाशो हा हायकूचा मोठा गुरू खरा, पण त्याच्या कवितेत देवळातली शांतता आहे. इस्साच्या कवितेत ओसरीवरची वर्दळ आहे. गोठ्यात, चुलीपाशी वावरणाऱ्याला इस्सा आधी कळेल.

मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. आचार्य अत्रे यांच्या या कन्येने जपानी हायकूंचा अभ्यास केला आणि स्वतःचेही लिहिले. तालुक्याच्या वाचनालयात त्यांचे पुस्तक मिळाले तर रात्री जेवणे उरकल्यावर मुलांकडून वाचून घ्यावे. घाईने मात्र नको. एक हायकू वाचावा, थोडे थांबावे, मग दुसरा.

१८२७ च्या उन्हाळ्यात काशिवाबाराला मोठी आग लागली. इस्साच्या वाटणीचे घर जळाले. जाड मातीच्या भिंतींची कोठी तेवढी वाचली. तिसरी बायको याओ हिच्यासह तो त्या बिनखिडकीच्या अंधारात राहू लागला, आणि पुढच्या जानेवारीत, बर्फाच्या दिवसांत, तिथेच वारला. याओ तेव्हा पोटुशी होती. काही महिन्यांनी मुलगी झाली, तिचे नाव याता. ती जगली. इस्साचा वंश तिच्यापासून चालला. ती मातीची कोठी जपानी सरकारने ऐतिहासिक स्थळ म्हणून राखली आहे.