जुनी मस्टँग घेताय? आधी ब्रेक बघा

१९६५-६६ ची फोर्ड मस्टँग दिसायला लाखात एक, पण बॉनेट उघडून मास्टर सिलिंडर बघा. ब्रेक ऑइलचा कप्पा एकच! म्हणजे चारही चाकांना मिळून एकच सर्किट. एका चाकाचा होज फुटला की पेडल थेट तळाला. मग उरतो डॅशबोर्डखालचा पार्किंग ब्रेकचा दांडा, आणि देव. फोर्डने १९६७ च्या मॉडेलपासून दोन कप्पे दिले. घरच्या गॅरेजमध्ये खटपट करणाऱ्या हौशींनी, माझ्या मते, इंजिनाला हात लावण्याआधी हाच बदल करावा.

पुढे डिस्क ब्रेक बसवणार असाल तर ड्रमचा जुना सिलिंडर ठेवू नका. त्यातला रेसिड्युअल व्हॉल्व्ह लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. ड्रममध्ये स्प्रिंग शूज मागे खेचते म्हणून ते खपून जातं. डिस्कला तशी स्प्रिंग नसते, पॅड घासत राहतात आणि चाक तापतं. मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते.

आणि हो, सहा सिलिंडरवाल्या गाडीच्या चाकाला चार बोल्ट असतात, व्ही-८ ला पाच. किट मागवण्याआधी मोजून घ्या. क्रोमची चकाकी नंतर!