खिडकी काढायची, भिंत राखायची

भीमपूरच्या उत्तरेला पैनगंगा आहे आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. २०१६ साली तेलंगणातल्या जिल्ह्यांची पुनर्रचना झाली तेव्हा भीमपूर आदिलाबाद जिल्ह्यातलं स्वतंत्र मंडल झालं. पण घरातली बोली, सोयरिकी आणि कापसाची काळी जमीन नदीच्या दोन्ही काठांना सारखीच. या भागातल्या जुन्या विटांच्या घरात खिडक्या बदलायचं काम कसं चालतं, ते मी जवळून पाहिलं. खिडकी बसवण्याचं काम निम्मं असतं. उरलेलं निम्मं म्हणजे जुनी खिडकी भिंतीला न दुखवता बाहेर काढणं. माझ्या मते खरी कारागिरी तिथेच लागते.

कापूस विकून हातात पैसा आला की, लग्नसराईच्या आधी अशी कामं निघतात. मी पाहिलेलं घर जुनं, भिंती रुंद, विटा मातीच्या गाऱ्यात रचलेल्या आणि वरून चुन्याचा गिलावा. खिडक्या सागवानी. प्रत्येकीला चार झडपा, दोन खाली आणि दोन वर, मध्ये उभे लोखंडी गज. खालच्या झडपा लावल्या की रस्त्यावरच्या माणसाला आत दिसत नाही आणि वरच्या उघड्या ठेवल्या की गरम हवा निघून जाते. खिडकीचा तळही बुटका, म्हणजे जमिनीवर बसलेल्याच्या अंगाला वारा लागतो. हे ज्याने योजलं त्याला इथला उन्हाळा पुरता ठाऊक होता.

घरधन्यांना सगळ्याच चौकटी काढून टाकायच्या होत्या. मिस्त्री म्हणाला, "काका, पयले पाहू त द्या. समद्याच थोड्या सडल्या?"

मग त्याने पेचकस घेतला आणि प्रत्येक चौकटीच्या तळाच्या आडव्या लाकडात टोचून पाहिला. पावसाचं पाणी तिथे साचतं, म्हणून कुजणं तिथूनच सुरू होतं. पश्चिमेकडच्या खिडकीत पेचकस मुठीपर्यंत आत गेला. वाळवीने सागाचा पांढरा, बाहेरचा भाग खाल्ला होता. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण चौकट घडवताना गाभ्याबरोबर थोडा पांढरा भागही आलेला असतो. अंगणाकडच्या खिडक्यांत मात्र पेचकसाचं टोकसुद्धा रुतलं नाही. त्यांपैकी एकीचं फक्त तळाचं लाकूड खराब होतं. सुताराने तेवढंच कापून नवा तुकडा सांध्यात बसवला आणि ती खिडकी राहिली. आदिलाबादच्या जंगलातला असा जुना, पक्का साग आज विकत घ्यायचा तर छातीत धस्स होतं. चांगली चौकट फॅशनपायी उपटून काढणं मला अजिबात पटत नाही.

जुनी चौकट भिंतीतून ओढून निघत नाही. भिंत रचतानाच ती उभी केलेली असते. तिच्या वरच्या आणि खालच्या आडव्या लाकडांची टोकं दोन्ही बाजूंना भिंतीत शिरलेली असतात आणि त्यांवर विटांचे थर चढलेले असतात. पहारीने तिरपी ओढली तर टोकांसोबत विटा सुटतात आणि मातीचा गारा भुसभुशीत होऊन खाली येतो. म्हणून आधी गिलावा खरवडून माथ्यावर काय आहे ते पाहायचं. इथे बाहेरून विटांची चपटी कमान निघाली आणि आतून जाड सागवानी फळ्या. वरचं वजन त्यांच्यावर होतं, चौकटीवर नव्हतं. तरीही मिस्त्रीने आतल्या फळ्यांना टेकू दिला: खाली फळी, वर फळी, मधे बल्ली आणि बुडाशी पाचर. हाताखालचा पोरगा छिन्नी घेऊन पुढे झाला तसा मिस्त्री ओरडला, "थांब! तिले हात नको लावू. आधी टेकू बसू दे."

त्यानंतर झडपा बिजागऱ्यांतून उतरवल्या आणि गज करवतीने कापले. चौकटीची तळाची पट्टी मधोमध कापली, तेव्हा दोन्ही अर्धे आतल्या बाजूला वळवून काढता आले. भिंतीतली टोकं भिंतीलगत कापून तिथेच ठेवली. जी कुजकी होती तेवढी हळूहळू कोरून काढली आणि त्या पोकळीत विटांचे तुकडे चुन्याच्या गाऱ्यात बसवले. इथे निव्वळ सिमेंट भरायचा मोह होतो, पण मऊ भिंतीत ते दगडासारखं टणक ठिगळ होतं आणि भिंत हलली की भेग त्याच्या कडेने पडते.

भिंत हलतेच, कारण काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्याबरोबर वरखाली होतो. भिंतीत जिथे भोक, तिथे ती दुबळी, म्हणून भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढते. अशा घरात खिडकीचं भोक काटकोनात क्वचितच असतं. रुंदी वर, मधे आणि खाली मोजायची, उंचीही तीन जागी मोजायची आणि दोन्ही कर्ण ताणून पाहायचे. सगळ्यांत कमी माप धरायचं आणि त्यातूनही फट सोडायची. फट लागतेच: दीड मीटर रुंदीची यूपीव्हीसीची खिडकी तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर साधारण ४ मिलिमीटर वाढते. घट्ट ठोकून बसवलेली खिडकी मे महिन्यात अडकते.

नवी खिडकी कोणती घ्यायची, यावर घरात बराच वेळ बोलणं झालं. सरकती खिडकी स्वस्त आणि सुटसुटीत, पण दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीत एका वेळी निम्मीच जागा उघडते. ज्या गावात रात्रीच्या वाऱ्याच्या झुळकेवर झोप अवलंबून असते, तिथे निम्मा वारा सोडून देणं मोठा तोटा आहे. शेवटी पश्चिमेला बाहेर उघडणाऱ्या दोन झडपांची खिडकी ठरली, आतून जाळी आणि माकडांसाठी लोखंडी ग्रिल. जुन्या खिडकीला लाकडी झडपांची सावली होती आणि नव्या काचेला ती नाही, म्हणून वर पत्र्याचा छज्जाही घ्यायला लावला. तो घेतला नसता तर दुपारी खोलीची भट्टी झाली असती.

तळाला तांदूरची फरशी बाहेर उतार देऊन बसली. तिच्या बाहेरच्या काठाखाली खाच पाडली, म्हणजे थेंब तिथूनच गळतो आणि भिंतीकडे मागे येत नाही. चौकट पाचरांवर तोलून ओळंबा आणि लेव्हल पाहिली. कलती भिंत बघून खिडकी कलती बसवायची नाही, हा मिस्त्रीचा कडक नियम. ड्रिलचा ठोका बंद ठेवून विटेच्या मधोमध भोकं पाडली, कारण गाऱ्यातला स्क्रू फिरतच राहतो. फटीत फोम भरला आणि तो उन्हाने भुगा होऊ नये म्हणून बाहेरून झाकला. गिलावा करणाऱ्याला मात्र बजावून सांगावं लागलं की चौकटीच्या तळातली पाणी जायची बारीक भोकं बुजवू नकोस.

उत्तरेच्या खिडकीला यंदा हात लावायचा नाही, असं ठरलं. तिच्या कोपऱ्यातल्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली आहे. पावसाळा आणि पुढचा उन्हाळा गेल्यावर रेघेपुढे भेग सरकलेली दिसली, तर आधी पायाजवळ साचणारं पाणी वळवायचं आणि मग खिडकीचं माप घ्यायचं.