शासनाचे संगणकीकरण : एस्टोनियाचा अनुभव

शासनव्यवहाराचे संगणकीकरण म्हणजे यंत्रांची खरेदी, अशी समजूत धोरणकर्त्यांमध्ये अनेकदा आढळते. एस्टोनियाचा अनुभव निराळा आहे. १९९१ मध्ये पुन्हा स्वतंत्र झालेल्या या छोट्या राष्ट्राने २००० साली डिजिटल स्वाक्षरीस कायद्याने हस्ताक्षराचा दर्जा दिला. २००१ मध्ये विविध खात्यांच्या नोंदी जोडणारी 'एक्स-रोड' व्यवस्था सुरू झाली व २००२ पासून ओळखपत्रे दिली जाऊ लागली. सर्व माहिती एका कोठारात न साठविता प्रत्येक खात्याने आपली नोंद सांभाळावी आणि नागरिकाने एकदा दिलेली माहिती त्याच्याकडे पुन्हा मागू नये, हे यामागील तत्त्व होय.

या व्यवस्थेची कसोटी २०१७ मध्ये लागली. सुमारे ७,५०,००० ओळखपत्रांच्या चिपमध्ये सुरक्षिततेचा दोष आढळला. शासनाने तो जाहीर केला, नोव्हेंबरमध्ये सदोष ओळखपत्रांची प्रमाणपत्रे स्थगित केली आणि सांकेतिक पद्धती बदलून ती घरबसल्या नूतन करण्याची सोय केली. पुढे २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते इंटरनेटद्वारे नोंदली गेली.

तात्पर्य, यंत्रे जुनी होतात आणि दोषही निघतात. म्हणून कायदा, खात्यांची निश्चित जबाबदारी व दुरुस्तीची तरतूद यांचा विचार यंत्रांच्या आधी झाला पाहिजे.