चाल कुणाची, गाणं कुणाचं?

निवडणूक आली की कवठे महांकाळच्या बाजारातून प्रचाराची रिक्षा फिरते. कर्ण्यातून गाणं वाजतं, चाल पिक्चरची आणि नाव उमेदवाराचं. पोरं मूळ शब्द म्हणत मागं पळतात. पण ही चाल घेताना मालकाला कुणी विचारलं होतं का? चालींच्या या उचलाउचलीच्या काही गमती, बऱ्याचशा आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या.

डोक्यावर पावती
जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा. पदाच्या वर ‘चाल’ असं छापून ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे पहिले शब्द दिलेले असतात. उसनवारी होती, पण उघड. ‘संगीत शारदा’ (1899) लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल तर सांगलीजवळच्या हरिपूरचे.

तीन गीतकार, तीन तारखा
आपल्याकडे गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव 1945 मध्ये गेले, त्यांच्या लावण्या आता सगळ्यांच्या. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे 1969 मध्ये गेले, त्यांच्या गाण्यांची मुदत 2029 अखेर संपेल. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळेचे गदिमा 1977 मध्ये गेले, तिथं 2037 पर्यंत थांबा.

आवाज सांगलीचा, खटला अमेरिकेत
लताबाईंचं बालपण सांगलीत गेलं. ‘ज्योती’ (1981) मधल्या त्यांच्या ‘थोडा रेशम लगता है’चा तुकडा 2002 मध्ये ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या अमेरिकी गाण्यात न विचारता वापरला गेला. 2003 मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी बजावलं, की संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव छापा, नाहीतर विक्री बंद!

आशाताईंचा ‘ग्रॅमी’
सांगलीत जन्मलेल्या आशाताईंचं ‘ये मेरा दिल’ (‘डॉन’, 1978) ब्लॅक आइड पीज या बँडनं आपल्या गाण्यात गुंफलं. त्या गाण्याला 2006 मध्ये ग्रॅमी मिळालं.

कोंबडी पळाली, मुंबईत चमेली झाली
अजय-अतुल यांनी ‘जत्रा’ (2006) मधली ‘कोंबडी पळाली’ची चाल ‘अग्निपथ’ (2012) मध्ये ‘चिकनी चमेली’ म्हणून पुन्हा वाजवली. स्वतःच्याच खळ्यातलं धान्य, त्याला चोरी कोण म्हणेल?

दोन कोटींची धून
राम संपत यांनी एका मोबाइलच्या जाहिरातीसाठी धून बांधली होती. तीच ‘क्रेझी 4’ (2008) च्या गाण्यांत ऐकू आल्यावर ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. चित्रपट लागायच्या तोंडावर 2 कोटी रुपयांवर तडजोड झाली.

नकळत केली तरी चोरीच
बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन ‘माय स्वीट लॉर्ड’मुळे 1976 मध्ये खटला हरला. न्यायाधीश म्हणाले, जुनं गाणं याच्या मनाच्या तळाशी होतं, मुद्दाम उचललं नाही, पण उचललंच.

सात सेकंदांची थाप
‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ असं स्टुडिओत छातीठोक सांगणारे भेटतात. कायद्यात असा आकडाच नाही. राग, ताल, ठेका कुणाच्या मालकीचे नसतात. त्यातून बांधलेली चाल मात्र असते. मिरजेचा तंबोरा कुणीही छेडावा, पण त्यावर बसवलेलं गाणं कुणाचं तरी असतं.

वरातीला सूट
नवरदेवापुढं बँडवाला ‘झिंगाट’ वाजवतो, तेव्हा घाबरू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभाला मोकळीक दिली आहे आणि त्यात लग्नाची वरातही स्पष्ट शब्दांत धरली आहे. प्रचाराच्या रिक्षाला मात्र ही सूट नाही. चाल मुदतीतली असेल, तर शब्द बदलून वाजवायलाही हक्कदाराची परवानगी लागते.

तेव्हा मंडळाचं, पक्षाचं नवं गाणं बांधणाऱ्यांनो, आधी मालकाला विचारा आणि मग देवलांच्या काळासारखी वर एक ओळ लिहा, ‘चाल: अमक्याची’. त्यानं गाण्याची गोडी कमी होत नाही.