प्लायवूडची कड

रात्रभर आवळून ठेवलेले सी क्लॅम्प मामा एकेक करून सैल करतो आणि ठोकळा माझ्या हातात देतो. 18 मिमी प्लायचे पाच चौकोनी तुकडे एकावर एक चिकटवलेले, त्यातल्या दोन जोडांत सनमायका. कडेने ओघळलेला फेव्हिकॉल वाळून काचेसारखा कडक झालाय. तुकडे समोरच्या सोसायटीत चाललेल्या स्वयंपाकघराच्या कामातले. सुतार ते फेकूनच देणार होता. चिंचवडच्या या घरात पूर्वी जिथे स्कूटर लागायची तिथे आता लेथ आहे, आणि मामीच्या म्हणण्याप्रमाणे उरलेल्या घरात भुसा.

“सनमायकाची चकचकीत बाजू घासल्याशिवाय चिकटवायची नाही,” मामा सांगतो. “फेव्हिकॉल धरतच नाही त्यावर. लेथवर फिरताना सुटला तर थेट तोंडावर येईल.”

ठोकळ्याचे चारही कोपरे जिगसॉने उडवलेले आहेत. त्याच्या बुडाला टाकाऊ लाकडाची चकती चिकटवलीय आणि मधे वर्तमानपत्राचा कागद. चकती स्क्रूने फेसप्लेटवर बसते. मामा पट्टा सगळ्यात कमी वेगाच्या पुलीवर चढवतो, ठोकळा हाताने एकदा फिरवून कुठे अडत नाही ना ते बघतो, तोंडावर शील्ड ओढतो.

“अगं, समोर नको उभी राहूस. बाजूला ये. आणि मास्क?”

मास्क लावते. बटण दाबलं जातं.

आधी नुसतं टक्‌टक्‌टक्‌. कोपरे पटाशीवर आपटताहेत. हळूहळू ठोकळा गोल होतो, टकटक मिटून एकसारखी सरसर सुरू होते. सागाचा तुकडा असता तर एव्हाना पटाशीच्या तोंडातून लांबच लांब सालपटं निघाली असती. इथे भुगाच उडतो, कोरडा आणि बोचरा. कारण प्लायमधे प्रत्येक थराची रेषा शेजारच्या थराला काटकोनात असते. तशी ती मुद्दामच ठेवलेली असते, म्हणून तर शीट वाकत-फाटत नाही. लेथवर मात्र तेच आडवं येतं. पटाशीच्या एका टोकाखाली तंतू आडवे, त्याला लागून असलेल्या थरात त्यांची कापलेली तोंडं, आणि पाव फेरा झाला की उलट. धार जरा मऊ पडली की तोंडाकडचे तंतू कापले न जाता उपटले जातात.

आणि धार पडतेच. थरांमधला वाळलेला गोंद पोलाद खातो. दोन-चार मिनिटं काम, की मामा ग्राइंडरकडे वळतो. कार्बाइडची हत्यारं जास्त टिकतात, पण टूलरूममधे उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला ती आवडत नाहीत. “धार लावायला येत नाही त्यांच्यासाठी आहेत ती,” म्हणतो. मला हे पटत नाही, पण लेथ त्याचा आहे.

मधेच आवाज बदलतो. मामा ताबडतोब मशीन थांबवतो. वरून तिसऱ्या तुकड्यात एक काळी फट उघडी पडलीय. काडेपेटीतली काडी तो आत सरकवतो. अर्धी सहज जाते.

“हे बघ. आतला थर तोकडा पडला, पुढचा तुकडा भिडवायचे कष्ट कोण घेतो? वरून मात्र सुरेख व्हिनिअर.”

कपाटात हा तुकडा लागला असता तर कडेवर पट्टी बसली असती आणि फट जन्मभर आतच राहिली असती. आपल्याकडचं सगळं फर्निचर प्लायची कड लपवण्यात हुशार आहे. कातकामाला तशी सोयच नाही. इथे कड हाच वाटीचा दर्शनी भाग. परदेशातले हौशी लोक या कामाला बाल्टिक बर्च घेतात ते याच कारणाने. 18 मिमीत 13 थर, सगळे बर्चचेच, आत पोकळी जवळजवळ नाही. आपल्या बाजारातल्या प्लायच्या पोटात बहुतेक पॉप्लर नाहीतर निलगिरी. मामा फटीत भुसा दाबून वर फेविक्विक सोडतो. डोळे चुरचुरतात. पुन्हा बटण.

बाहेरचा आकार उतरतो आणि मग आतली कोरणी सुरू होते. आता खरी गंमत. वाटीची भिंत जिथे उभी, तिथे पट्टे बारीक आणि दाटीने. बुडाकडे वळण आलं की तेच पट्टे रुंद होतात, पसरतात, नकाशातल्या डोंगराच्या समोच्च रेषांसारखे. सनमायकाची कड रंगीत नाही, गडद तपकिरी दिसते. रंग फक्त वरच्या पातळ कागदात, खाली सगळा रेझिन प्यायलेला क्राफ्ट पेपर. सावंतवाडीच्या लाखकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाने ती वितळते आणि रंग वरून चढतो. इथे वरून चढवायला काही नाही, चिकटवताना जे मधे घातलं तेच बाहेर येणार. फळीवर मामाची आधीची एक वाटी आहे, थर उभे ठेवून केलेली. तिच्या दोन बाजूंना लंबगोल उमटलेत आणि उरलेल्या दोन बाजूंना सरळ रेघा. मला तीच जास्त आवडते.

पॉलिश पेपर 120, मग 220. स्पिरिटमधे विरघळवलेली लाख फडक्याने लावली जाते आणि तंतूंची तोंडं ती पिऊन गडद होतात. शेवटी कागदाच्या जोडावर पटाशी टेकवून हातोडीचा एक हलका ठोका. कागद जाडीतच दुभंगतो, वाटी हातात येते. बुडाला छोट्या जाहिरातींची अर्धी ओळ, उलटी.

ही वाटी किल्ल्या आणि सुटे पैसे ठेवायला. इतका गोंद असलेल्या भांड्यात खायचं काही ठेवू नये. तुम्हाला करून पाहायचं असेल तर नवी शीट आणू नका. शेजारी फर्निचरचं काम चालू असेल तिथल्या सुताराकडे तुकडे मागा, चिकटवण्याआधी त्यांच्या चारही कडा उजेडात नीट पाहा, आणि मास्क लावल्याशिवाय लेथचं बटण दाबू नका.