शून्य कोणी केले?

देशात शेतीयोग्य जमीन किती टक्के, हा आकडा लोक देशाच्या नशिबासारखा वाचतात. आम्ही पेशाने वकील. जमीन म्हटली की मालक कोण आणि फायदा कोणाचा, हे आम्ही आधी विचारतो.

मॉरिशसमध्ये १९९०च्या सुमारास जवळपास निम्मी जमीन लागवडीखाली होती. पुढे ती चाळीस टक्क्यांच्याही खाली आली. युरोपने २००६पासून साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि ऊस परवडेनासा झाला. बड्या मळेवाल्यांनी जमिनीवर परदेशी धनिकांसाठी बंगले उभे केले. १८३४पासून करारावर नेलेल्या मजुरांच्या, त्यात आपले मराठी लोकही आले, वंशजांकडे लहान तुकडे. त्यातले कित्येक पडीक पडले. घट एकच, पण कोणाला नफा, कोणाला पडीक रान!

नाउरूच्या रकान्यात तर शून्य आहे. बेट अवघे २१ चौरस किलोमीटरचे. धान्याची शेती तिथे पूर्वीही नव्हती, पण नारळ होते, झाडी होती. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांनी फॉस्फेट खणून आपल्या शेतांना खत केले. म्हणजे नाउरूची जमीन दुसऱ्यांच्या आकड्यात पिकली! १९६८च्या स्वातंत्र्यानंतर स्वकीय सत्ताधाऱ्यांनीही खोदकाम चालूच ठेवले आणि पैसा उधळला, हेही सांगितलेच पाहिजे.

१९८९मध्ये या चिमुकल्या देशाने ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. १९९२मध्ये न्यायालयाने दावा चालवण्यास मान्यता दिली. १९९३मध्ये ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन तडजोड केली. पठारावर मात्र अजून चुनखडीचे सुळकेच उभे आहेत.